पाण्याचं आरओ मशीन काढून फेका म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या गल्लीत या

कडू_कारलं:
काल एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "आरओ ही कंपन्यांनी घातलेली भीती आहे. मशीन काढा, नळाचं पाणी तांब्यात घ्या आणि प्या. आपले आजोबा तेच पीत होते." खाली अंगठ्यांचा पाऊस.

साहेब, आजोबांचं मला सांगू नका. माझ्या आजोबांच्या पायातून नारू निघाला होता, पिण्याच्या पाण्यातून शिरणारा लांब जंत, काडीला गुंडाळत गुंडाळत काढला. 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला तो तांब्याच्या पुण्याईने नाही.

आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. शहराचं नाव लिहीत नाही, खान्देशात निम्म्या गावांची हीच रड आहे. मधल्या दिवसांत पाइप रिकामा. तो गेलाय गटारीतून, आणि जॉइंट गळका. नळ चालू असतो तेव्हा पाणी बाहेर गळतं, बंद झाला की त्याच भोकातून गटार आत. मागच्या पावसाळ्यात गल्लीत घरोघर कावीळ, पुतणीचं वर्ष गेलं. कावीळ दूषित पाणी पोटात गेल्यावर महिनाभराने दिसते, त्यामुळे नळाकडे कोणी बोट दाखवलं नाही. शिव्या खाल्ल्या पाणीपुरीवाल्याने.

निवृत्त_फिल्टरवाला:
जन्मभर जलशुद्धीकरण केंद्रात फिल्टर बेड धुतले, म्हणून बोलतो. निदान बरोबर, औषध चुकीचं. गटार शिरलं तर पाण्यात जंतू येतात. आरओ मुळात विरघळलेले क्षार काढण्यासाठी आहे. जंतूंना उकळी पुरते, खळखळून एक मिनिट. टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओ कशाला? पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये अशा ठिकाणी आरओ नको असंच म्हटलं होतं. जळगाव वाघूरचं पाणी पितं, नंदुरबार विरचकचं, धुळ्याला तापी आणि नकाणे-डेडरगाव. ही सगळी धरण-तलाव-नदीची पाणी, बोअरच्या मानाने हलकी.

शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. थोडं पाणी वेगळं घेऊन त्यात ओटीचे (क्लोरीन तपासायचं रसायन) दोन थेंब टाका, पिवळं झालं तर ते ओतून द्या आणि नळाचं बिनधास्त प्या.

कडू_कारलं:
पिवळं झालं. आमची पुतणी.

निवृत्त_फिल्टरवाला:
हा विनोद आहे का?

कडू_कारलं:
नाही. नळ आला त्या दिवशी क्लोरीन असेलही. पण आम्ही ते पाणी ड्रमात भरून चार दिवस पितो. तोवर ते उडून जातं, हे तुम्हाला मी सांगायचं?

केळीवाला_यावल:
तुमचं हलकं पाणी तुम्हाला लखलाभ. आमच्याकडे बोअर दरवर्षी खोल चाललाय आणि पाणी इतकं जड की गिझरची कॉइल पांढरी होते. इथे आरओ काढा म्हणणाऱ्याला मी शेतात नेऊन एक ग्लास पाजीन. आणि हो, आरओच्या पाण्याने बी-12 कमी होतं, माझं झालंय.

सासर_धुळे_माहेर_चोपडा:
भाऊ, नळाच्या पाण्यातून बी-12 कधीच मिळत नव्हतं. ते दूध-दही, अंडी-मटणातून मिळतं. आरओ उगाच बदनाम.

पण जड पाण्याचं खरंच. माहेरी बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजतच नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजून शेजारीण विचारते, "काय गं, दगड शिजवतेस का?" सासरी नळाच्या पाण्यात तीच डाळ लोण्यासारखी. वरण-बट्टीला पाहुणे असले की आई विकतच्या पाण्याचा कॅन मागवते, पिण्यासाठी नव्हे, वरणासाठी!

अण्णा_खमंग:
डाळ जुनी असणार. नव्या डाळीला पाणी लागत नाही.

सासर_धुळे_माहेर_चोपडा:
अण्णा, डाळ घरच्या शेतातली. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीचा दाणा घट्ट धरून ठेवतं, म्हणून फुटत नाही.

अण्णा_खमंग:
मग चिमूटभर खायचा सोडा टाका. आमची आजी तेच करायची.

सासर_धुळे_माहेर_चोपडा:
सोड्याने वरणाची चव साबणासारखी होते आणि बी-1 मरतं. तुमच्या आजीला जेवणाऱ्यांनी कधी सांगितलं नसेल, कोणाची हिंमत!

अण्णा_खमंग:
आजीवर जायचं काम नाही. तिच्या हातचं वरण खायला पंचक्रोशी यायची.

बांधावरचा_भो:
दाय शिजत नही न् तुम्ही भांडतस! आमच्याकडे डाळ रात्री भिजवतात, झालं. आणि बट्टीला कॅन मागवणाऱ्यांनी त्या कॅनवर आयएसआयचा शिक्का कधी पाहिलाय का? भरीत पार्टीला शेतात जे थंडगार जार येतात, ते कुठे भरले ते फक्त भरणाऱ्याला ठाऊक. बहुतेक बोअरच, वर बर्फ. तिथे वीस जण एका ग्लासाने पितात आणि घरी येऊन नळाला नावं ठेवतात.

कडू_कारलं:
हे मात्र मान्य. कावीळ नळाने झाली की भरताने, आता तुम्हीच ठरवा. धागा पाण्याचा होता, डाळीचा नव्हता.

निवृत्त_फिल्टरवाला:
मग पाण्याचंच बोला. पावसाळ्यात नदी चिखल घेऊन येते, तेव्हा आम्ही दिवसातून कितीदा जार टेस्ट (नमुन्याला तुरटी किती लागते ते बघणं) घेऊन तुरटीचा डोस बदलायचो, ते कोणी बघत नाही. टाकीतून पाणी चांगलं निघतं. खराब होतं गल्लीत. नळ आला रे आला की प्रत्येक घरात मोटार लागते, थेट नळाला! मोटार पाइपात ओढ निर्माण करते, आणि कारलेसाहेब म्हणतात तो गळका जॉइंट गटार आत घेतो, चालू नळालासुद्धा. कावीळ वाटणारा तुमचा शेजारी आहे, नाहीतर तुम्ही स्वतः. साहेब, तुमच्याकडे मोटार आहे का?

कडू_कारलं:
आहे. वरच्या मजल्यावर पाणी आकाशातून येणार का?

निवृत्त_फिल्टरवाला:
खाली हौद बांधा, हौदात पाणी पडू द्या, मोटार हौदाला लावा. नळाला नको.

कडू_कारलं:
हौदाला जागा आणि पैसा तुम्ही द्या. आणि दिवसाआड तास-दीड तास जोरात पाणी आलं असतं तर कोणी मोटार घेतलीच नसती. आधी कोणी काढायची? मी काढली तर समोरच्याची मोटार माझ्या वाट्याचंही ओढून नेईल.

सासर_धुळे_माहेर_चोपडा:
सगळ्यांनी एकदम काढायची. आमच्या गल्लीत बायकांनी बैठक घेऊन ठरवलं. आठवडाभर टिकलं.

अण्णा_खमंग:
मग?

सासर_धुळे_माहेर_चोपडा:
मग एका घरी लग्न निघालं.

कडू_कारलं:
बरं, फिल्टरवाले, तुमचा मान राखून उद्यापासून उकळतो. गॅसचं बिल तुमच्या पत्त्यावर पाठवतो. मोटारही काढतो, पण आधी वरच्या आळीतल्या नगरसेवकाच्या भावाची काढून दाखवा. दोन एचपीची आहे.