नाला ‘वायडन’ केला की ‘ब्रॉडन’?

धुऱ्यावरून (यवतमाळ जिल्हा):
नमस्कार मंडळी. मी पाणलोटाचं काम पाहतो. आमच्या गावचा नाला यंदा खोल अन् रुंद केला, त्याचा अहवाल इंग्रजीत द्यायचा आहे. खोलीकरणाला ‘डीपन’ लिहिलं. रुंदीकरणाला काय लिहू? वायडन, ब्रॉडन की एक्स्पांड?

वर्ध्याचे सर:
भाऊ, ‘वायडन’च लिहा. दोन काठांमधलं, दोन कडांमधलं अंतर वाढलं की वायडन. नाला, पांदण रस्ता, दरवाजा, सगळ्यांना चालतं. ‘ब्रॉडन’ रस्त्या-नदीलाही चुकीचं नाही, पण ते जास्त करून दृष्टी, ज्ञान, अनुभव यांच्यासाठी येतं. ‘एक्स्पांड’ धंद्याला शोभतं. शेततळं चारी अंगांनी वाढवलं असेल तर ‘एनलार्ज’ म्हणा.

खरी काळजी पुढे घ्या. हे क्रियापद दोन्हीकडून चालतं: तुम्ही रुंद केलं तरी वायडन, आपोआप रुंद झालं तरी वायडन. अहवालात नुसतं ‘द नाला वायडन्ड’ लिहाल तर वाचणाऱ्याला वाटेल पुरानं काठ खचले. गावानं उन्हातान्हात उभं राहून करून घेतलेलं काम आहे ते! ‘वुई वायडन्ड द नाला’ किंवा ‘द नाला वॉज वायडन्ड’ असंच लिहा.

आणि आकडा. नाला 3 मीटरचा 5 मीटर झाला असेल तर ‘फ्रॉम 3 टू 5 मीटर्स’, किंवा ‘बाय 2 मीटर्स’. ‘बाय 5’ लिहिलं तर 5 मीटरची वाढ झाली असा अर्थ होतो, मग एमबीतल्या (कामाच्या मोजमाप पुस्तकातल्या) मोजमापाशी मेळ बसणार नाही. माझ्या मते अशा अहवालात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

पऱ्हाटी:
सर, मले एक सांगा. कापसाचा खर्च अन् भाव यातली तफावत वाढून राहिली, तिले बी वायडनच का?

वर्ध्याचे सर:
हो, अगदी. ‘द गॅप इज वायडनिंग.’ तफावत म्हणजेही अंतरच. नुसता खर्च वाढला तर मात्र ‘राइज’, तिथं वायडन नको.

धुऱ्यावरून:
लय उपकार सर. ‘वॉज वायडन्ड फ्रॉम 3 टू 5 मीटर्स’ असं टाकतो. स्पेलिंगमध्ये एन एक की दोन?

वर्ध्याचे सर:
एकच. अन् खोली किती वाढली तेही त्याच वाक्यात घ्या.