मदत हवी आहे : ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरून पडलेल्या रुग्णाला बाह्य कारणाचा कोणता कोड लावावा?

नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी खाजगी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मी काम करते. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे ऊसवाहतुकीतील अपघातांचे रुग्ण वाढतात आणि आयसीडी-१० च्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या, विसाव्या प्रकरणातील बाह्य कारणांचे (इजा कशामुळे झाली ते सांगणारे) कोड लावताना दर हंगामात तेच वाद निघतात. इजेच्या कोडविषयी अडचण नाही. मांडीचे हाड मध्यभागी मोडले की एस ७२.३, यावर दुमत होत नाही. अडते ते 'व्ही' अक्षराच्या कोडपाशी.

सध्याचे प्रकरण असे आहे. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर एक मजूर बसला होता. डांबरी रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक आदळल्याने तो खाली पडला आणि मागच्या ट्रॉलीचे चाक त्याच्या मांडीवरून गेले. एका सहकाऱ्याच्या मते चाक अंगावरून गेले तेव्हा तो रस्त्यावर होता, म्हणून त्याला पादचारी धरावे. दुसऱ्याच्या मते एवढे वजन ओढणारे वाहन म्हणजे अवजड मालवाहूच, म्हणून व्ही ६० ते व्ही ६९ या गटात शोधावे. तिसऱ्याचे प्रशिक्षण अमेरिकी आरोग्यविम्याच्या दाव्यांच्या कामासाठी झालेले असल्याने तो प्रत्येक कोडला शेवटी 'ए' जोडतो. मला स्वतःला व्ही ८४ (शेतीच्या वाहनावरील व्यक्तीचा कोड) योग्य वाटतो, परंतु त्यातही मजुराला प्रवासी म्हणावे की वाहनाच्या बाहेरील व्यक्ती, हे ठरत नाही, कारण उसाच्या मोळ्यांवर बसलेले आणि मडगार्डवर बसलेले असे दोन्ही प्रकारचे रुग्ण आमच्याकडे येतात.

दुसरी शंका केसपेपरविषयी आहे. पुष्कळदा त्यावर 'ट्रॅक्टर पलटी' एवढेच लिहिलेले असते आणि तो रस्त्यावर उलटला की शेतात, याचा उल्लेख नसतो. कित्येक केसपेपरवर तर नुसते 'आरटीए' (रस्ता अपघात) असते, मग व्ही ८९.२ हा वाहनाचा तपशील नसलेल्या रस्ता अपघाताचा कोड लावण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तिसरी शंका बैलगाडीची. मागून ट्रॅक्टरची धडक बसून बैलगाडीतील माणूस जखमी झाल्यास व्ही ८०.४ लावावा की व्ही ८०.५? जाणकारांनी कृपया कारणासह सांगावे, म्हणजे मला ते विभागात मांडता येईल.

प्रतिसाद :

आपला व्ही ८४ चा अंदाज बरोबर आहे. आयसीडी-१० मध्ये मुख्यतः शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या विशेष वाहनांत ट्रॅक्टर त्याच्या ट्रॉलीसह नाव घेऊन समाविष्ट केलेला आहे, त्यामुळे तो कारखान्याच्या वाटेवर डांबरी रस्त्याने चालला होता किंवा त्यावर किती टन ऊस होता, याने गट बदलत नाही. पादचारी हा मुद्दा मला मुळीच पटत नाही. अपघाताला सुरुवात झाली तेव्हा तो माणूस वाहनावर होता; त्यानंतर त्याच वाहनाचे चाक अंगावरून गेले म्हणून तो पायी चालणारा ठरत नाही.

आता प्रवासी की बाहेरील व्यक्ती. चालकासाठी, प्रवाशांसाठी किंवा माल वाहण्यासाठी ठेवलेल्या जागेत जो नाही, तरीही वाहनाबरोबर चालला आहे, तो बाहेरील व्यक्ती, अशी व्याख्या आहे. टप, पायरी, बंपर, मडगार्ड हे सर्व त्यात येते. म्हणून आपल्या रुग्णाला व्ही ८४.२ लागेल. ट्रॉलीतील मोळ्यांवर बसलेला माणूस मात्र मालाच्या जागेत आहे, सबब तो प्रवासी आणि रस्त्यावरील अपघातात त्याचा कोड व्ही ८४.१. सहाआसनी टमटमच्या मागे लोंबकळणाऱ्यांनाही हाच न्याय लागतो, फक्त गट तीनचाकींचा, व्ही ३० ते व्ही ३८, आणि चौथा म्हणजे टिंबानंतरचा अंक ७.

हा चौथा अंक नीट पाहावा. मोटारीच्या कोडमध्ये ० ते ३ हे अंक रस्त्याबाहेरील अपघातांचे आणि ५ पासून पुढचे रस्त्यावरील अपघातांचे आहेत; व्ही ८४ मध्ये क्रम नेमका उलटा आहे. तेथे चालक रस्त्यावर जखमी झाल्यास व्ही ८४.० आणि शेतात झाल्यास व्ही ८४.५. मोटारीचे कोड पाठ असलेल्या माणसाचा हात येथे हमखास चुकतो.

'ट्रॅक्टर पलटी' एवढ्याच नोंदीसाठीही नियम आहे. इतर वाहनांबाबत ठिकाण लिहिलेले नसेल तर अपघात सार्वजनिक रस्त्यावर झाला असे गृहीत धरतात. परंतु केवळ ट्रॅक्टरसारख्या रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांचाच संबंध असेल, तर वेगळा उल्लेख नसताना तो रस्त्याबाहेरचा मानतात. म्हणजे 'रस्त्यावर' हा एक शब्द लिहायचा राहिला, तर महामार्गावर उलटलेला ट्रॅक्टरही शेतातल्या अपघातांत जाऊन बसतो. ट्रॅक्टर एका जागी उभा करून मळणीयंत्र चालवताना हात सापडला असेल, तर ती वाहतूकच नव्हे. तेथे शेतीयंत्राचा डब्ल्यू ३० लागतो आणि शेतासाठी चौथा अंक ७.

बैलगाडीला ट्रॅक्टरची धडक बसली तर व्ही ८०.५, कारण व्ही ८०.४ मध्ये मोटार, पिकअप, व्हॅन, ट्रक आणि बस एवढीच वाहने येतात. उलट मोटारसायकल बैलगाडीवर आदळून तिचा चालक जखमी झाल्यास व्ही २६.४. बैल सोडताना त्याने शिंग मारले असेल तर व्ही ८० पाहूच नये, ते डब्ल्यू ५५ मध्ये जाते.

शेवटचा 'ए' अमेरिकेने आपल्यासाठी बदलून घेतलेल्या सीएम (क्लिनिकल मॉडिफिकेशन) आवृत्तीतील सातव्या स्थानाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवृत्तीत तो नाही. आपल्याकडे मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रातील कारणांचे वर्गीकरण संघटनेच्याच आवृत्तीने होते आणि अपघाती मृत्यूचे मूळ कारण म्हणून एस ७२.३ नव्हे, तर 'व्ही' चा कोडच मोजला जातो. त्यामुळे हा कोड शोभेसाठी आहे असे कोणी म्हणाल्यास ऐकून घेऊ नये.

'आरटीए' चा उपाय आमच्याकडे रबरी शिक्क्याने झाला. कॅज्युअल्टीत केसपेपरवर तो उमटवतात आणि त्यात रिकाम्या जागा आहेत : रुग्ण कशावर होता, नेमका कुठे बसला होता, कशाशी धडक झाली, रस्ता की शेत. डॉक्टरांना वेळ नसेल तर परिचारिका नातेवाइकांना विचारून भरते.

धागाकर्ती :

मनःपूर्वक आभार. नोंद व्ही ८४.२ अशी करते आहे. शिक्क्यात 'वाहन चालू होते की उभे' ही जागाही ठेवावी असे वाटते, कारण उभ्या ट्रॉलीत मोळ्या भरताना पडलेल्या मजुरांच्या केसपेपरवरही आमच्याकडे 'ट्रॅक्टरवरून पडला' असेच लिहितात आणि त्यांची नोंद खरे तर पडण्याच्या कोडमध्ये, डब्ल्यू ०० ते डब्ल्यू १९ या गटात, जायला हवी.