मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलच्या सीझनआधीच्या अंदाजात ट्रान्सफर खेळाडूंना (दुसऱ्या कॉलेजातून आलेल्यांना) किती वजन द्यायचं?

अमेरिकन फुटबॉलबद्दल विचारतोय, सॉकर नव्हे. मी ओहायोत असतो. इथे २०२३ पासून बेटिंग कायदेशीर आहे, त्यामुळे त्यावर चर्चा नको. लावतो फक्त विन टोटलवर, म्हणजे रेग्युलर सीझनच्या १२ सामन्यांत टीम किती जिंकेल याच्या ओव्हर-अंडरवर (बुकीच्या आकड्यापेक्षा जास्त की कमी), तेही किरकोळ रकमा.

एक्सेल शीट केली आहे. गेल्या वर्षीचे किती खेळाडू परत येताहेत (पास फेकणारा क्वार्टरबॅक आणि त्याचं रक्षण करणारी ऑफेन्सिव्ह लाइन वेगळी धरून), मागच्या चार रिक्रूटिंग क्लासची (दरवर्षी शाळेतून भरती केलेल्या मुलांच्या तुकडीची) रँक, आणि मग प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता काढून बेरीज. गेल्या वर्षी एका स्कोअरच्या फरकाने जिंकलेले सामने आणि टर्नओव्हरचं (बॉल प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाण्याचं) नशीब वजा करतो. एवढं बऱ्यापैकी जमतं.

गाडी अडते ती ट्रान्सफर पोर्टलपाशी, म्हणजे कॉलेज बदलू पाहणारे खेळाडू जिथे नाव नोंदवतात त्या यादीपाशी. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये बोल गेमपर्यंत (सीझननंतरच्या सामन्यापर्यंत) १३-०, पुढच्या वर्षी पोर्टलमधून नावाजलेले खेळाडू आणूनही २-१०! उलट इंडियाना २०२४ मध्ये नवा कोच सिग्नेटी आणि त्याने त्याच्या आधीच्या जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीहून आणलेली मुलं घेऊन ११-१. माझ्या शीटने दोन्हीकडे तोंडघशी पाडलं. सगळ्या ट्रान्सफरना सरसकट अर्धं वजन देऊन पाहिलं, पण तो नुसता अंदाजपंचे कारभार.

पैसे देऊन घ्यायचा डेटा नको, आणि कोडिंग येत नाही. खालच्या कॉन्फरन्समधून (कमकुवत टीमांच्या गटातून) आलेल्या खेळाडूचे आकडे तुम्ही किती टक्क्यांनी कापता? आणि तो जुन्या कोचबरोबरच आला असेल तर ती कपात कमी करता का?