तुळशीच्या मंजिऱ्यांवर येणाऱ्या बारीक माश्या ओळखायच्या कशा?

प्रश्न: परसबाग_यावल

सर्वांना नमस्कार. आमचे घर यावल तालुक्यात आहे. घर जुने, पांढऱ्या मातीच्या भिंतींचे आणि धाब्याचे असून मागच्या परसात तुळस, लिंबू, शेवगा, काही गुलाब आणि भरिताच्या वांग्यांचा एक वाफा आहे. सकाळी ऊन वर येऊ लागले की तुळशीच्या मंजिऱ्यांवर इतक्या बारीक माश्या जमतात की लांबून ती चिलटेच वाटावीत. परंतु जवळून पाहिल्यास त्यांतल्या काहींच्या मागच्या पायांवर पराग दिसतो. आग्या, सातेरी आणि फुलोरी या तिन्ही मला ओळखता येतात आणि या माश्या त्यांपैकी नाहीत, एवढे नक्की.

एक प्रकार पूर्ण काळा, जेमतेम पाच मिलिमीटरचा आहे, तर दुसऱ्याच्या अंगावर हिरवट चकाकी आहे. वृंदावनाशेजारच्या टणक जमिनीत बारीक गोल छिद्रे पडली असून त्यांतूनही माश्या ये-जा करतात. शिवाय ओसरीच्या चौकटीलगत भिंतीतून एक काळपट, चिकट नळी बाहेर आली आहे आणि तिच्या तोंडाशी काळ्या माश्या सतत बसलेल्या असतात. घरात लहान मुले असल्याने ती नळी सिमेंटने बुजवावी, असे शेजारच्या काकूंचे म्हणणे आहे. या सगळ्या मधमाश्याच आहेत का, आणि घरच्या घरी त्यांची ओळख कितपत पटवता येते?

उत्तर: गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, सर्वप्रथम ती नळी बुजवू नका. आपण केलेले वर्णन डंखहीन मधमाशीच्या, म्हणजे काही मधपाळ जिला पोया म्हणतात तिच्या, वसाहतीशी तंतोतंत जुळते. या माश्या भिंतीच्या पोकळीत किंवा झाडाच्या ढोलीत राहतात आणि मेण व झाडांचा डिंक यांच्या मिश्रणाने प्रवेशद्वाराची नळी बांधतात. तोंडाशी बसलेल्या माश्या पहारेकरी असतात. त्यांची नांगी इतकी खुरटलेली असते की त्यांना डंख मारताच येत नाही. फार छेडल्यास त्या केसांत शिरून चावतात, त्याचा त्रास होतो. पण मुलांनी त्या नळीत काडी घातली नाही तर तीही वेळ येणार नाही.

आता माशी आणि मधमाशी यांतला फरक. फुलांवर येणाऱ्या कित्येक साध्या माश्या पिवळे-काळे पट्टे मिरवून मधमाशीचे सोंग घेतात. त्यांना पंखांची एकच जोडी असते, डोळे जवळजवळ सगळे डोके व्यापतात आणि मिशा अगदी आखूड असतात. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, मिशा लांब व कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि पराग गोळा करणाऱ्या मादीच्या अंगावर त्यासाठी केसांची किंवा खोलगट भागाची सोय असते. पराग दिसल्याचे आपण लिहिले आहेच, त्यामुळे निदान त्या तरी मधमाश्या आहेत. मंजिऱ्यांवरच्या काळ्या माश्या बहुधा भिंतीतल्या नळीतूनच येत असाव्यात.

उत्तर: सातपुड्याचा पायथा (शहादा)

वरील उत्तरातले शेवटचे वाक्य मला तेवढ्या खात्रीचे वाटत नाही. आकार आणि रंग यांवर विसंबून राहिले की फसगत ठरलेली. तुळशीवर येणारी पाच मिलिमीटरची काळी मधमाशी डंखहीन असू शकते, तशीच ती ब्राउनसॅपिस या गटातलीही असू शकते, आणि तो गट वाळक्या काड्यांत राहतो. दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. ताईंनी मागच्या पायाकडे नीट पाहावे: डंखहीन माशीची मागची तंगडी बाहेरच्या बाजूने रुंद व चपटी असते आणि त्यावर परागाचा ओलसर, घट्ट गोळा बसवलेला असतो, ब्राउनसॅपिसच्या पायांवर केसांत अडकलेला कोरडा पराग असतो. दुसरी खूण चेहऱ्याची. ब्राउनसॅपिसच्या चेहऱ्याच्या मध्यभागी, समोरून पाहिल्यास, हस्तिदंती रंगाची उभी रेघ किंवा ठिपका असतो.

हिरवट चकाकीची मधमाशी सेराटिना असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तिच्या अंगावर केस इतके विरळ असतात की ती घासून-पुसून ठेवल्यासारखी लकाकते. मोठ्या काळ्या भुंग्याची ही दूरची नातलग, पण भुंगा जसा लाकूड पोखरतो तशी ही मऊ भेंडाच्या वाळक्या काडीचा गाभा पोखरून घर करते. गुलाबाची छाटणी केल्यावर राहिलेल्या वाळक्या टोकांकडे पाहा. तिथे काडीच्या मधोमध स्वच्छ गोल भोक दिसले, तर हे घर सेराटिनाचे असू शकते, किंवा ब्राउनसॅपिसचे. सेराटिना आपल्या अळ्यांसाठी काडीत एकामागून एक कप्पे पाडून प्रत्येकात पराग ठेवते. ब्राउनसॅपिस कप्पे पाडत नाही, एकाच बोगद्यात सगळ्या अळ्या वाढवते आणि त्यांना वेळोवेळी भरवते. अर्थात हे पाहण्यासाठी काडी उभी चिरावी लागते, आणि चालते घर चिरावे असे मी म्हणणार नाही.

गुलाबाच्या पानांच्या कडेला गोल किंवा लंबगोल तुकडे कापून नेलेले दिसले, तर ती पाने खाणारी अळी समजून फवारणी करू नका. ते पानकापी मधमाशीचे काम असते. तिची ओळख सर्वांत सोपी, कारण ती पराग पायांवर न वाहता पोटाच्या खालच्या बाजूच्या केसांत वाहते.

प्रश्नकर्त्यांचा प्रतिसाद: परसबाग_यावल

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपल्या सांगण्याप्रमाणे आज सकाळी भिंग घेऊन तुळशीजवळ बसले. काळ्या माश्या दोन प्रकारच्या निघाल्या: काहींच्या पायांवर गोळे होते व त्या घोळक्याने येत होत्या, तर काही एकेकट्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पांढुरकी रेघ स्पष्ट दिसली. गुलाबाच्या छाटलेल्या एका फांदीच्या टोकाला भोकही सापडले आणि त्यात पोटाचे काळे टोक अडकवून कोणीतरी दार बंद केले होते. जमिनीतल्या छिद्रांबद्दल मात्र अजून काही कळले नाही. तिथे तांबड्या पोटाची, केस जवळजवळ नसलेली एक माशीही घिरट्या घालताना दिसली.

उत्तर: कीटकनोंदी_धुळे

जमिनीतल्या माश्या बहुतांशी हॅलिक्टिडी कुळातल्या असाव्यात. हे कुळ बहुधा जमिनीतच घर करते, आणि घाम चाटायला अंगावर येणाऱ्या बारीक मधमाश्याही यातल्याच. त्यांची खूण पुढच्या पंखात असते: बुडाकडची एक शीर धनुष्यासारखी ठळक वाकलेली असते. भिंगाखाली पंख स्थिर मिळाला तर ती दिसते. तांबड्या पोटाची माशी त्याच कुळातली, पण परजीवी स्वभावाची स्फेकोडिस असू शकते. ती स्वतः पराग गोळा करत नाही, दुसऱ्यांच्या घरात अंडी घालते, म्हणून तिला परागासाठी केस लागत नाहीत. तिच्यामुळे वसाहत उद्ध्वस्त होत नाही. तिला हाकलू नये.

त्या जागेवर काळी माती टाकणे, पाण्याचा पाइप सोडून ठेवणे किंवा शेण सारवणे सध्या टाळावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत या माश्या उन्हाच्या भरात फारशा दिसत नाहीत, तेव्हा त्या गेल्या असे समजून जमीन खणू नये.

छायाचित्रांबाबत एक सूचना. फुलावरच्या माशीमागे मोबाइल घेऊन धावण्यापेक्षा एका मंजिरीवर आधीच फोकस करून थांबावे आणि मंद गतीचा व्हिडिओ घ्यावा. त्यातून हवे ते स्थिर चित्र निवडता येते. चेहरा समोरून, पंख वरून आणि मागचा पाय बाजूने, अशी तीन चित्रे मिळाली तर गटापर्यंत ओळख पोहोचते. नंतर त्याच मंजिरीशेजारी मोजपट्टी ठेवून एक चित्र काढावे, म्हणजे आकाराचा वाद उरत नाही. मादीच्या मिशीला बारा आणि नराच्या मिशीला तेरा खंड असतात; चित्र चांगले असेल तर तेही मोजता येतात. नराच्या अंगावर परागाचा भार नसल्याने तो निराळीच जात वाटण्याचा संभव असतो.

जातीच्या नावाचा हट्ट मात्र धरू नये. हॅलिक्टिडी कुळातल्या लेसिओग्लॉसमसारख्या गटांत सूक्ष्मदर्शकाखाली नमुना ठेवल्याशिवाय तज्ज्ञही जात सांगत नाहीत, आणि छायाचित्रावरून कोणी छातीठोकपणे जातीचे नाव दिले तर त्याला त्यामागची खूण विचारावी. नोंद करताना जागा, तारीख, वेळ, फुलझाड आणि माशीचे घर कुठे आहे हे अवश्य लिहावे.

वांग्याच्या वाफ्याकडेही लक्ष ठेवा. वांग्याचे परागकोश टोकाच्या छिद्रातूनच पराग सोडतात, त्यामुळे काही माश्या फूल घट्ट धरून अंगातल्या स्नायूंनी ते थरथरवतात आणि त्या वेळी फुलातून मोठा गुणगुणाट ऐकू येतो. सातेरीला हे जमत नाही. पोटावर निळसर पट्टे असलेली अमेजिला त्यात तरबेज असते. ती दिसली तर तिची वेळ कळवा; फवारणी करणे भागच असेल, तर ती माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी.