‘इन्फ्लमेशन मार्कर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : विषाणुजन्य ब्रॉन्किओलायटिस (फुप्फुसांतील बारीक श्वासनलिकांचा आजार) झालेल्या बाळांच्या श्वासमार्गातील ‘इन्फ्लमेशन मार्कर’विषयी लिहीत आहे. त्यासाठी ‘दाहाची चिन्हे’ हा शब्दप्रयोग योग्य ठरेल का?

उत्तर : माझी हरकत दोन्ही शब्दांना आहे, पण ‘चिन्ह’ या शब्दाला अधिक आहे. वैद्यकात चिन्ह म्हणजे तपासताना डॉक्टरांना दिसते किंवा ऐकू येते ते : श्वास घेताना बरगड्यांमधला भाग आत ओढला जाणे, छातीत घरघर होणे. मार्कर मात्र प्रयोगशाळेत मोजावा लागतो. उदाहरणार्थ, नाकातून घेतलेल्या स्रावातील इंटरल्युकिन-८ हे प्रथिन, जे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना तेथे खेचून आणते. ब्रॉन्किओलायटिसचे निदान प्रामुख्याने चिन्हांवरून होते, मार्करवरून नव्हे. त्यामुळे दोहोंना एकच शब्द वापरला तर खरे विधानही खोटे ठरते. मी ‘दर्शक’ असे लिहीन.

‘दाह’ हा शब्द मुळाशी प्रामाणिक आहे, कारण मूळ लॅटिन शब्दातही पेटणेच आहे. परंतु वाचकाच्या मनात त्याने जळजळ उभी राहते. ‘सूज’ अपुरी पडते. एक मिलिमीटरहूनही अरुंद असलेल्या या बारीक श्वासनलिकांच्या भित्तीत द्रव साठतो, तो शोफ. त्याखेरीज रक्तातील पेशी तेथे जमतात, श्लेष्मा वाढतो आणि अस्तराच्या झडलेल्या पेशींनी नलिका बुजतात. या साऱ्या प्रतिक्रियेला मिळून ‘शोथ’ म्हणावे. (अमरकोशात शोफ आणि शोथ समानार्थी आहेत, हा भेद आधुनिक परिभाषेने पाडलेला आहे, पण तो सोयीचा आहे.)

प्रश्न : मग ‘शोथदर्शक’ एवढे पुरेल?

उत्तर : शीर्षकात पुरेल, मजकुरात शोथाचा प्रकार सांगावा. दम्यातील शोथात पुष्कळदा इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे प्राबल्य असते, तर ब्रॉन्किओलायटिसमध्ये न्यूट्रोफिल पेशींचे. नुसता ‘शोथ’ वाचून, दम्यात उपयोगी पडणारी स्टेरॉइड येथेही तशीच लागू पडतील असा समज होऊ शकतो, आणि तसे घडत नाही. पालकांसाठीच्या पत्रकात मात्र ‘बारीक श्वासनलिकांना आलेली सूज’ असेच लिहावे. तेथे ‘शोथ’ हा शब्द कोणालाही कळणार नाही.