नवा सिस्टिम्स कोड अजूनही सी-प्लस-प्लसमध्येच का?

धागाकर्ता: एका बगपायी माझे तीन दिवस गेले. व्हेक्टरमधल्या (वाढत जाणाऱ्या यादीतल्या) पहिल्या घटकाचा रेफरन्स (त्याच्या जागेचा दुवा) घेतला होता आणि चार ओळी खाली त्याच व्हेक्टरमध्ये पुश-बॅक, म्हणजे नवा घटक जोडणं. जागा संपली की व्हेक्टर दुसरीकडे हलतो, रेफरन्स मात्र जुन्या, सोडून दिलेल्या मेमरीवरच राहतो. रस्ट या भाषेत हा कोड कंपाइलच होत नाही. रेफरन्स पुढे वापरायचा असेल तर मधे व्हेक्टरला हात लावता येत नाही, कंपाइलरमधला रेफरन्स तपासणारा बॉरो चेकर तिथेच अडवतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितलं की त्यांच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी सेफ्टीच्या, म्हणजे मेमरी चुकीची वापरल्याच्या असतात. तिथे काय नवशिके बसलेत? नवा कोड सी किंवा सी-प्लस-प्लसमध्ये सुरूच करू नये.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. ॲड्रेस सॅनिटायझर (कोड चालताना मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून टेस्ट चालवल्या असत्या तर पाच मिनिटांत सापडलं असतं. दोष भाषेचा नाही, सवयीचा आहे.

धागाकर्ता: लावला होता हो! टेस्टमध्ये डेटा थोडा, त्यामुळे व्हेक्टर कधी हललाच नाही. सॅनिटायझरला जे घडतं तेवढंच दिसतं. बॉरो चेकर कोड न चालवता बोलतो, फरक तिथे आहे.

प्रतिसाद २: सेफ्टी म्हणजे फक्त मेमरी, हे कुणी ठरवलं? ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरातच नष्ट झालं. ६४ बिटांचा फ्लोट (दशांश संख्या) १६ बिटांच्या इंटीजरमध्ये (पूर्णांकात) मावला नाही. कोड अडा या भाषेत होता आणि भाषेने एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, दिलंही. ते हाताळायची सोय त्या रूपांतरापाशी ठेवलेली नव्हती, म्हणून दिशादर्शक यंत्रणाच बंद पडली. आता तेच रूपांतर रस्टमध्ये ‘ॲज’ या रूपांतराच्या शब्दाने करून बघा. कमाल मर्यादेचा आकडा हातात येतो, तोही चकार शब्द न काढता. रस्टच्या रिलीज बिल्डमध्ये (वापरासाठीच्या अंतिम आवृत्तीत) इंटीजर ओव्हरफ्लोही, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर जाणंही, डीफॉल्टने तपासला जात नाही. अडात मात्र ‘० ते १००’ असा टाइपच घोषित करता येतो.

धागाकर्ता: ‘ॲज’बद्दल तुमचं बरोबर आहे, मी पूर्णांकांसाठी ‘ट्राय-फ्रॉम’ (आकडा मावला नाही तर चूक कळवणारं रूपांतर) वापरतो, पण तीही शेवटी सवयच झाली. रेंज टाइप रस्टमध्ये हवे होते.

प्रतिसाद १: आणि जुन्या सी लायब्ररीला हात घातला की ‘अनसेफ’ (कंपाइलरच्या काही तपासण्या जिथे लागू नसतात तो भाग) आलंच.

धागाकर्ता: आलंच, पण ते शब्दानिशी लिहावं लागतं. रिव्ह्यूला बसलं की आधी त्याच ओळी उघडतो. तुमच्या कोडमध्ये कुठून सुरुवात करू?