शिक्षणावर ६ टक्के खर्च: मागणी तरी बरोबर आहे का?

हिशोबनीस:
कोठारी आयोगाने १९६६ ला सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर घाला. मग १९६८ च्या धोरणात तेच, १९८६ च्या धोरणात तेच आणि २०२० च्या धोरणातही पुन्हा तेच! त्यातच लिहिलंय की केंद्र-राज्यं मिळून ४.४३ टक्के होतात, आणि आर्थिक पाहणी उघडली तर ३ टक्क्यांच्या आसपास, कारण शिक्षण मंत्रालय बाकीच्या खात्यांचा ट्रेनिंगवरचा खर्च पण धरतं. म्हणजे किती खर्च होतो यावरच सरकारचं सरकारशी जुळत नाही. सरकार कुठलंही असो, आश्वासन फुकट असतं.

उलटतपासणी:
६ चा जप बंद करा आधी. टक्केवारी काय हो, जीडीपी घसरला की आपोआप वाढते, एक रुपया जास्त न देता. आणि पैसे आणणार कुठून? सगळा कर मिळून जीडीपीच्या १७-१८ टक्के, त्यातला तिसरा हिस्सा एकट्या शिक्षणाला? जपान ६ टक्के देत नाही, तरी त्यांची पोरं पिसा या देशादेशांतल्या शाळकरी मुलांच्या परीक्षेत वरती. आपल्याकडे असर या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचे रिपोर्ट बघा, खेड्यातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही.

हिशोबनीस:
जपानचं उदाहरण देताना तिथे मुलं किती ते पण सांगा ना. आपल्याकडे लोकसंख्येचा साधारण चौथा हिस्सा १४ वर्षांपर्यंतचा, त्यांच्याकडे त्याच्या निम्म्याने. शिकवायची पोरंच कमी तर टक्का कमी लागणारच. आणि कराचं म्हणाल तर २००४ पासून शिक्षणाच्या नावाने सेस, म्हणजे करावरचा जादा कर, भरतोय आपण, आता आरोग्य धरून कराच्या ४ टक्के. तो राज्यांच्या वाटणीत धरत नाहीत, आणि मास्तरांचे पगार मात्र राज्यांच्या गळ्यात.

उलटतपासणी:
पगार! आलात मुद्द्यावर. राज्यांचं शिक्षणाचं बजेट बहुतेक पगारातच जातं. ६ टक्के केले की आणखी पगार, पोरगं तिथंच.

झेडपीवाली:
पगारावर बोलताय म्हणून लिहिते. महाराष्ट्रात प्राथमिकच्या नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिना ६ हजार मानधन होतं, आता १६ हजार. हा तुमचा गलेलठ्ठ पगार, तीन वर्षं. आमची शाळा दोन शिक्षकी, आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात ६० पटापर्यंत दोनच बसतात. एक जण मीटिंगला नाहीतर निवडणुकीच्या कामाला गेला की दुसऱ्याने पहिली ते चौथी एकाच खोलीत सांभाळायची, पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची आणि चौथीला भागाकार, त्यात मधेच फोन की अमुक माहिती आत्ताच्या आत्ता ऑनलाइन भरा. मग दुसरीचं वाचन कच्चं राहतं याचं कोणाला नवल वाटतंय??
पण एक आहे, उलटतपासणींचं सगळंच चूक नाही. शाळा अनुदान कधीकधी मार्चमध्ये येतं आणि ३१ च्या आत खर्चून यूसी, म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला, द्यायची असते. वीजबिल वर्षभर थकलेलं आणि मार्चमध्ये घाईघाईत खरेदी. अशा वेळी टक्का वाढून काय उपयोग!

हिशोबनीस:
उशीर हा पैसे कमी देण्याचाच प्रकार आहे, ताई. बरं उलटतपासणी, ६ नको तर किती?

उलटतपासणी:
टक्का नकोच. एका मुलामागे किती रुपये ते बोला. बिहार स्वतःच्या उत्पन्नातला गोव्यापेक्षा मोठा वाटा शिक्षणावर घालतो, तरी मुलामागे रक्कम कितीतरी कमी पडते, कारण राज्य गरीब आणि पोरं भरपूर. दोघांना एकच फूटपट्टी लावून काय कळणार?

हिशोबनीस:
हे पटलं. पण मग बिहारच्या पोराला कमी पडणारे रुपये कोण देणार? बिहार तर देऊ शकत नाही. म्हणजे केंद्रानेच द्यायचे, आणि ते तुम्ही मघाशी कर नाही म्हणून उडवून लावलेत.

उलटतपासणी:
उडवलं नाही, आधी ३१ मार्चचा घोळ मिटवा म्हणतोय.

झेडपीवाली:
दोन्ही एकदम करायला कोणी अडवलंय का?